काठचे वेढे

अड्याळच्या राईस मिलमध्ये रबर रोलचं शेलर माझ्याच आग्रहानं आलं. आज हे मी आनंदानं सांगतो. एक्याऐंशीच्या पौषात मात्र गावातून जाताना मी मान खाली घालून जात होतो.

शेलर म्हणजे धानाचं तूस काढायचं मशीन. मिलमधला जुना लोखंडी हलर धान रगडून सोलायचा. तांदूळ निघायचा, पण त्यातला बराचसा मोडून त्याची कनकी व्हायची. नव्या शेलरात रबराचे दोन रूळ समोरासमोर फिरतात, एक जरा जलद, एक जरा हळू. धान त्यांच्या मधून गेलं की तूस सुटतं आणि दाणा साबूत राहतो. एक रूळ जागचा हलत नाही. दुसऱ्याच्या पाठीशी मनगटाएवढी जाड स्प्रिंग असते. तीच त्याला धानावर दाबून धरते, आणि एखादा खडा आला तर तीच त्याला मागे सरू देते. त्या मशीनचा सगळा शहाणपणा त्या एका स्प्रिंगेत आहे असं मी तेव्हा लोकांना ऐकवत असे. तोंडानं म्हणायला काय जातं!

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. नागपूरच्या आयटीआयमधून फिटरचा कोर्स करून आलेला, शर्टाच्या खिशाला स्टीलची पट्टी अडकवून फिरणारा. अड्याळमध्ये असा मी एकटाच होतो आणि ते मी कोणाला विसरू देत नव्हतो. मिलचे मालक वासुदेवराव साठीच्या पुढचे. बोलणं कमी, तपकीर जास्त. त्यांच्या मागे दोन वर्षं लागून मी ते शेलर घ्यायला लावलं, आणि ऐंशीच्या दिवाळीला ते बसलं. दोन महिने छान चाललं. मग पौषात एका सकाळी ठण्ण असा आवाज झाला, मोकळा रूळ मागे जाऊन पडला आणि मी झाकण उघडलं तर स्प्रिंगेचे दोन तुकडे. जवळजवळ मधोमध तुटली होती.

कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं की माल शिल्लक नाही, अडीच महिने लागतील. अडीच महिन्यांनी धानाचा हंगामच उरणार नव्हता.

त्यात गोदावरीबाईच्या बेबीचं लग्न माघात ठरलेलं. गोदावरीबाई म्हणजे वासुदेवरावांच्या वारलेल्या मित्राची बायको. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं शेती केली आणि चांगली केली. तिच्या धानाच्या बांधीतल्या चिन्नोर तांदळाचा वास शिजताना तीन घरं ओलांडून जायचा. लग्नाच्या जेवणासाठी म्हणून तिनं तेच बारा पोती धान राखून ठेवलं होतं, आणि ते आमच्याच मिलवर काढायचं होतं.

वासुदेवरावांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. ते ओरडत नसत, त्याचीच भीती वाटायची.

"गोदावरीचा तांदूळ साबूत निघाला तं हे मशीन राहीन," ते म्हणाले. "नाई तं इकून टाकू. हलर हायेच आपला. मंग तुले अठी काय काम, ते तूच पाह्य."

त्याच दिवशी गोदावरीबाई बाहेर भेटली. मी सांगून टाकलं, "काकी, फिकर नोको करू. एक दाणा मोडणार नाई."

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "जेवणाचा मोडला तं चालून जाते बापा," ती म्हणाली. "अक्षतेचे मात्र मी घरीच कांडीन. मोडका दाणा पोरीच्या डोक्यावर नाई पडाले पायजे."

अक्षता म्हणजे न मोडलेला दाणा, शब्दातच ते आहे. आमच्याकडे अजूनही बायका अक्षतेचे तांदूळ हातानं निवडतात, मोडका दिसला की बाजूला काढतात. गोदावरीबाईचं काही चुकलं नव्हतं. पण मला ते झोंबलं. माझं मशीन जेवणाला चालतं आणि अक्षतेला चालत नाही म्हणजे काय!

स्प्रिंग करणारा माणूस मला बायाबाईनं सांगितला. बायाबाई मिलमध्ये चाळणीवर असायची, तांदूळ आणि कनकी वेगळी करायची. ती ढिवरांची, वैनगंगेकाठच्या गावची. माहेरी सगळे मासे धरणारे, फक्त तिचा मोठा भाऊ श्यामलाल भंडाऱ्यात स्प्रिंगा वळायचा. "माह्या भावाकडं जा," ती म्हणाली. "टरकवाले, इंजिनवाले, सारे त्याच्याकडंच येतेत."

भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानांची ओळ आहे, तिच्या मागच्या बोळात त्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. दाराच्या चौकटीला लहानमोठ्या स्प्रिंगा टांगलेल्या होत्या, त्यांवरूनच ओळखायचं. आत एक जुनं लेथ, भिंतीला तारेची भेंडोळी, कोपऱ्यात भट्टी. श्यामलाल पन्नाशीचा, सडपातळ, कानात विडी खोवलेला. मी तुटक्या स्प्रिंगेचं वर्णन केलं आणि कागद पुढे केला. कंपनीच्या पुस्तकातून आकडे उतरवून आणले होते: तार आठ मिलिमीटर, बाहेरून रुंदी पन्नास, लांबी एकशे तीस, वेढे दहा.

त्यानं कागद वाचला, उलटा करून मागे काही आहे का बघितलं. मग विचारलं, "हे स्प्रिंग काम काय करते जी?"

"दाबते."

"किती दाबते? अन् दाबली का मंग किती सरकते?"

"श्यामलाल, कागदावर सगळं आहे. तेवढं करा."

आज हे लिहिताना माझे कान गरम होतात. माझ्या वडलांच्या वयाचा माणूस, आणि मी त्याला नुसतं श्यामलाल म्हटलं. त्यानं वाईट वाटून घेतलेलं दिसलं नाही. "बरं जी. सांगाल तसं," म्हणाला आणि चार दिवसांनी बोलावलं.

चार दिवसांनी स्प्रिंग तयार होती. मी तिथेच लांबी मोजली, रुंदी मोजली, तारेला गेज लावलं. सगळं बरोबर. वेढे मी मोजले नाहीत. दहा सांगितले होते, दहा असतील.

अड्याळला आणून बसवली आणि मिलचंच जाडं धान सोडून बघितलं. रूळ धानावर नीट दाबेनात. निम्मं धान तुसासकट तसंच खाली उतरलं. दाब वाढवायला मी हातचाक पिळत गेलो, शेवटी आटे संपले, चाक पुढे फिरेना, तरी दाब पुरेसा होईना. स्प्रिंग मऊ होती. का मऊ होती याचा विचार मी केला नाही. माझ्या डोक्यात सरळ हिशेब आला: मऊ आहे तर तार जाड घाला.

परत भंडारा. "तार नऊची घाला," मी सांगितलं.

"बाकी?"

"बाकी तेच."

श्यामलालनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं हे मला दिसलं. पण मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होतो, कारण दोनची एसटी चुकली असती.

दुसरी स्प्रिंग बसवली त्या दिवशी वासुदेवराव स्वतः मशीनजवळ खुर्ची टाकून बसले. धान सोडलं. तूस एकदम स्वच्छ निघालं आणि मला वाटलं, जिंकलो. मग बायाबाईची चाळणी हलली आणि खालच्या टोपलीत कनकी पडायला लागली. पडतच राहिली. धानात एखादा खडा आला की मशीन धाडकन हादरत होतं, आणि अर्ध्या तासात एका रुळाच्या रबराचा टवकाही उडाला. वासुदेवरावांनी टोपलीतून मूठभर कनकी घेतली, बोटांमधून खाली सोडली आणि हात झटकला.

"याच्यापेक्षा हलर बरा," ते म्हणाले. "चार दिसानं गोदावरीचे पोते येऊन राह्यले."

माझं तोंड पडलं. आणि तोंड पडलेला माणूस जे करतो तेच मी केलं, दुसऱ्यावर ढकललं. "मशीनचा दोष नाही, मालक," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "माणूसच चुकीचा निवडला. जाळं इणणाऱ्याले स्प्रिंगेतलं काय समजन?"

बायाबाईची चाळणी थांबली. क्षणभरच. मग पुन्हा हलायला लागली.

वासुदेवराव उठून गेले. मी स्प्रिंग काढली, जमिनीवर ठेवली आणि पहिल्यांदाच खडू घेऊन वेढ्यांवर खुणा केल्या. बारा निघाले. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच. "बारा! दहा सांगितले अन् बारा घातले! त्याले मोजताच येत नाई!"

बायाबाई चाळणी ठेवून आली. खाली बसली, स्प्रिंग मांडीवर घेतली आणि अंगठ्याचं नख एकेका वेढ्यावर टेकवत मोजायला लागली. एकदा मोजले, उलटे फिरवून पुन्हा मोजले.

"दहाच तं हायेत," ती म्हणाली.

"बारा हायेत बाई. खुणा केल्या मी."

"हे दोन काठचे." तिनं दोन्ही टोकांचे वेढे दाखवले, शेजारच्या वेढ्याला चिकटलेले, घासून सपाट केलेले. "काठ कोण मोजते?"

"म्हणजे?"

"जाळं इणाले बसलं, अन् शंभर घरं सांगतले, तं शंभर घरं म्हणजे मासा धरणारे. वरचा काठ, खालचा काठ, ते तं दोरीले बांधले असतेत. त्याच्यात मासा अडकत नाई. जे कामच करत नाई ते कायले मोजाचं? आमच्या घरी लहानपणापासून असंच मोजतेत." तिनं स्प्रिंग माझ्यापुढे ठेवली. आवाज जराही चढवला नव्हता. "माह्या भावाले मोजता येते, मिस्त्री."

मी हातातला खडू खाली ठेवला. टोकांचे वेढे दबत नाहीत, ते नुसतं टेकायला असतात, काम करतात ते मधले, हे आयटीआयमध्ये मला शिकवलं होतं. परीक्षेत लिहून त्याचे मार्कही मिळवले होते. कंपनीच्या पुस्तकातले दहा म्हणजे टोकांसकट दहा, म्हणजे कामाचे आठ. श्यामलालनं कामाचे दहा घातले आणि टोकांचे दोन वेगळे. कामाचे वेढे वाढले की स्प्रिंग मऊ होते, त्यामुळेच पहिली मऊ झाली. माझ्या कागदावर नुसतं दहा लिहिलं होतं. मला मनापासून लाज वाटली. आणि ती जास्त कशाची वाटली सांगू? मी जे बोललो त्याची.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं भंडाऱ्याला गेलो. दोन्ही नव्या स्प्रिंगा आणि जुनीचे दोन्ही तुकडे पिशवीत घालून नेले. बोळात भांडी ठोकल्याचा आवाज सुरू झाला होता. श्यामलाल नुकताच दुकान झाडत होता.

मी त्याला सगळं सांगितलं, बायाबाईनं कसं मोजलं ते, आणि मी तिच्यादेखत काय बोललो तेही. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तिच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

त्यानं केरसुणी भिंतीला टेकवली. "मंग चूक कोनाची म्हणाची?" त्यानं विचारलं.

"कागदाची."

"कागद कोनं लिहला?"

"मी, भाऊ."

तो पहिल्यांदाच हसला. "माही बी हाय अर्धी. इचाराले पायजे होतं, काठासगट का काठ सोडून. पन तुमची एसटी होती." कानातली विडी काढून त्यानं पेटवली. "काढा, काय आणलं ते."

आधी त्यानं नऊच्या तारेची स्प्रिंग घेतली आणि वाइसच्या जबड्यात धरून हळूहळू दाबली. वेढे एकमेकांजवळ येत गेले, मग टेकले. त्यानं मला पट्टी लावायला सांगितली. एकशे आठ.

"मशीनीत बसवल्यावर लांबी किती राह्यते?"

"एकशे दहा."

"मंग? उरले दोन मिलिमीटर. बारा वेढे, नऊची तार, सारी जागा तं तारेनंच खाल्ली. आता हे स्प्रिंग नोय, लोखंडाचा ठोकळा हाय. खडा आला तं रूळ जाईन कुठं? रबर फाडीन नाई तं दाणा फोडीन." त्यानं वाइस सैल केला. "मऊ झाली म्हणून तुमी तार जाड केली. जाड तार दाब देते, पन जागा खाते. स्प्रिंग निवडाची म्हणजे दाब अन् जागा, दोनी पाहाचे. अन् त्याच्या बी आधी काम पाहाचं. म्हणून मी पयलेच इचारलं होतं, हे काम काय करते."

हेच त्यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं आणि मी त्याला कागद दाखवला होता. मग मी त्याला नीट सांगितलं: रूळ कसे फिरतात, मोकळा रूळ किती मागे यायला हवा, मशीन किती गरम होतं, तुसाची धूळ कुठे साचते. तो मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता आणि मला चार ठिकाणी उत्तर आलं नाही. त्यानं जुनीचा तुटलेला भाग उजेडात धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा होता, अर्धा चकचकीत. "हे एका दिसात नाई तुटली," तो म्हणाला. "चीर जुनी हाय. धुळीनं पाणी धरलं असन. आता हप्त्याले एक डाव पुसून तेल लावत जा."

"पण दाब किती हवा ते कसं कळणार?" मी विचारलं. "पुस्तकात ते दिलेलं नाही. जुनी साबूत असती तर वजन ठेवून बघता आलं असतं."

"साबूत नाई तं काय झालं, अर्धी तं हाय."

दोन तुकड्यांतला मोठा त्यानं घेतला. तुटलेलं टोक तापवून, ठोकून, घासून टेकेल असं केलं आणि कामाचे वेढे मोजले. चार. काठ सोडून, त्यानं मला बजावलं. मग शेजारच्या भांडीवाल्याकडे जाऊन वीस वीस किलोची पाच वजनं मागून आणली. खाली एक जाड सळई उभी ठेवली, तिच्यावर तुकडा घातला, वर भोक पाडलेली फळी, आणि फळीवर आम्ही एकेक वजन ठेवत गेलो. बोळातले दोघे तिघे बघायला उभे राहिले. पाचवं वजन ठेवलं आणि मी पट्टी लावली. तुकडा सात मिलिमीटर दबला होता.

"चार वेढे सात दबले," श्यामलालभाऊ म्हणाले. "वजन तेच ठेवलं तं आठ वेढे?"

"चौदा."

"झालं. आता कागद फाडून टाका. आपल्याले अशी स्प्रिंग पायजे का क्विंटलभर वजनाले चौदा दबन, मशीनीत बसल्यावर बी तिले मागं सराले जागा राहीन, अन् तुमच्या मशीनीच्या भोकात जाईन. तार आठचीच. वेढे आठ, काठ दोन."

मला हसू आलं. हे तर पुस्तकातलंच निघालं होतं. पण आता मला ते का तसं आहे हे माहीत होतं.

दुपारभर मी तिथेच थांबलो. त्यांनी लेथवर तार वळली, टोकं बसवली, भट्टीत वाळूत पुरून तापवली आणि आपोआप गार होऊ दिली. मग टोकं घासली. लांबी एकशे बत्तीस आली. मी पट्टी दाखवली तर म्हणाले, "माहीत हाय जी." वाइसमध्ये तीनदा पूर्ण दाबून सोडली आणि पुन्हा मोजायला लावली. एकशे तीस. "पयल्या दाबात जे बसाचं ते आत्ताच बसू दे. मशीनीत जाऊन बसली तं तुमी मलेच शिव्या देसान." मग पाच वजनं ठेवली. साडेतेरा दबली.

"अर्धा कमी आहे," मी म्हणालो.

"तार केसभर जाड असन. दाण्याले अर्ध्याचं काही समजत नाई. चाक जरा ढिलं ठेवजा."

निघताना मी त्यांना भाऊ म्हणून नमस्कार केला. एसटी गेली होती, पुढचीनं गेलो.

गोदावरीबाईची बैलगाडी ठरल्या दिवशी सकाळी आली. बारा पोती उतरली. वासुदेवराव खुर्चीत, गोदावरीबाई एका पोत्यावर, बायाबाई चाळणीजवळ. मी स्प्रिंग हातात घेतली, पण बसवली नाही. जे बोलायचं होतं ते आधीच बोललो नसतो तर तांदूळ चांगला निघाल्यावर मला ते जमलं नसतं, हे मला माझं ठाऊक होतं.

"मालक," मी म्हणालो, "श्यामलालभाऊंची चूक नव्हती. काम काय आहे ते मी सांगितलंच नव्हतं. आणि मी जे बोललो ते बोलायला नको होतं."

वासुदेवरावांनी तपकीर ओढली. "मले कायले सांगतं? जिले बोलला तिले सांग."

मी बायाबाईकडे वळलो. ती चाळणीच्या काठाला हात लावून उभी होती. "बाई, मी चुकलो," एवढंच मला म्हणता आलं. त्या वेळी ते पुष्कळ अवघड वाटलं.

"मशीन चालू करा," ती म्हणाली. "चाळणी कवापासून रिकामी हाय." पण तिनं पदर सारखा केला आणि नजर वळवली, तेव्हा तिला बरं वाटलं हे मला कळलं.

स्प्रिंग बसवली. चाक थोडं ढिलं ठेवलं. पट्टा चढला आणि धान सोडलं. मी आवाज ऐकत होतो. पहिला खडा आला तेव्हा रूळ मागे सरकला आणि पुन्हा जागेवर आला, मशीन नुसतं खोकल्यासारखं झालं. पुढे पॉलिश होऊन चिन्नोर चाळणीवर उतरायला लागला आणि सगळ्या मिलमध्ये वास भरला.

गोदावरीबाई उठली. चाळणीखालच्या टोपलीत हात न घालता तिनं वरचा ओंजळभर तांदूळ परातीत पसरला आणि उजेडाला घेऊन बसली. एका बोटानं एकेक दाणा इकडून तिकडे सरकवत होती. मोडका निघाला की परातीच्या कडेला. पुष्कळ वेळ लागला. वासुदेवरावांनी दोनदा विचारलं, "गोदावरी, कसे हायेत?" तिनं मान वर केली नाही. शेवटी परात उचलून तिनं ते दाणे पोत्यात ओतले, कडेचे मोडके पदराच्या टोकात बांधले आणि पुन्हा पोत्यावर जाऊन बसली. बाराही पोती निघेपर्यंत बसून राहिली. मला एक अवाक्षर बोलली नाही.

संध्याकाळी गाडी भरून गेली. बायाबाईच्या टोपलीत कनकी होती, पण टोपलीच होती, ढीग नव्हता. वासुदेवराव टोपलीकडे बघत उभे राहिले. "उद्या हलरचा पट्टा काढून ठेव," ते म्हणाले. "अन् त्याच्यावर काही झाकून दे. धूळ बसते." मशीन राहिलं. मी राहिलो.

तरी मला पुरतं समाधान वाटेना. गोदावरीबाई काहीच बोलली नव्हती, आणि तिच्या घरून मुसळाचा आवाज येत असल्याचं मी परवाच येता-जाता ऐकलं होतं. अक्षतेचे तांदूळ ती कांडत होती. मनातल्या मनात मी म्हटलं, कांडू दे, जेवणाला तर आपला आहे.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी शेलरची स्प्रिंग पुसून तेल लावत होतो. बायाबाई आली. ती गोदावरीबाईच्या घरी मदतीला गेली होती. डोक्यावरची लहान टोपली तिनं माझ्यापुढे उतरवली. फडकं काढलं. आत पायलीभर तांदूळ होता, चिन्नोरच, पण जरा तांबूस, मशीनच्या तांदळासारखा पांढरा नाही. हातानं कांडलेला.

"गोदावरीबाईनं पाठोले," ती म्हणाली. "तुमाले खायाले."

"हे कशाला?"

"अक्षतेसाटी कांडले होते. आता लागत नाई म्हणे. मशीनीचेच भिजोले हळदीत."

मी तेलाचा हात फडक्याला पुसत राहिलो. मग तिला म्हणालो, "यातले अर्धे तुझ्या भावाला पोचव." तिनं मान हलवली आणि टोपली पुन्हा उचलली.

दुपारी मांडवात मी मागच्या रांगेत उभा होतो. अक्षतांचं ताट फिरत आलं, मी मूठभर घेतल्या. पुढे मंगलाष्टकं चालू होती आणि मी खाली बघून मुठीतले पिवळे दाणे एका बोटानं सरकवत होतो, गोदावरीबाई परातीत सरकवत होती तसे. सगळे लांब, साबूत. एक मोडका निघाला. तेवढ्यात सगळ्यांचे हात वर झाले, मीही टाकल्या. तो एक दाणा मात्र मी बेबीच्या डोक्यावर जाऊ दिला नाही.